त्या मुलाचं बरोबर काय होतं?

जिल्हा परिषदेच्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गात, मागच्या भिंतीला टेकून मी एक सराव पाठ पाहत होते. पाठ घेणारी मुलगी डी.एल.एड.च्या पहिल्या वर्षाची. डी.एल.एड. म्हणजे आपलं जुनं डी.एड. अंगावर गणवेशाची साडी, टेबलावर उघडं पाठ टाचण, आणि तळहाताला इतका घाम की खडू दोनदा निसटला. घटक होता दोन अंकी संख्यांचं लेखन. ती म्हणाली, ‘‘लिहा, बावन्न.’’ माझ्या पुढ्यातल्या मुलानं पाटीवर ठसठशीत लिहिलं, २५.

ती फिरत फिरत आली, ‘‘अरे, चुकलं,’’ म्हणाली, बोटानं पुसून ५२ लिहिलं आणि पुढे गेली. पुढची संख्या त्रेपन्न. त्यानं लिहिलं ३५. मग आली एकोणसाठ. इथे तो जरा थांबला, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला आणि त्यानं लिहिलं ९६.

पाठ संपल्यावर मार्गदर्शक बाईंनी निरीक्षण वहीत शेरा लिहिला. मी डोकावून पाहिलं. आवाज स्पष्ट आहे, फलकलेखन सरळ रेषेत हवं, असं नेहमीचं सगळं होतंच. शेवटी मात्र एक प्रश्न होता. ‘‘त्या मुलाचं बरोबर काय होतं?’’

घरी येईपर्यंत मी त्या प्रश्नाशी झटत होते. बावन्न हा शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. आधी ऐकू येतो तो ‘बा’, म्हणजे दोन. ‘वन्न’ नंतर येतं, ते पन्नासाचं. मुलानं जे ज्या क्रमानं ऐकलं ते त्याच क्रमानं उतरवलं. आपण मात्र बोलतो एकक आधी आणि लिहितो दशक आधी, आणि हा उलटा फेरा आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे की तो आपण घेतो हेही आपल्याला ठाऊक नसतं. एकोणसाठची गंमत तर आणखी खोल. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या सगळ्यांत नऊ येतो, हे त्या पोरानं स्वतःहून हेरलं होतं. ‘एकोण’ ऐकलं की नऊ, ‘साठ’ ऐकलं की सहा. ऐकल्या क्रमानं मांडलं, ९६. खरं उत्तर सदतीसने लांब आहे, आणि तरी त्यातली एकही पायरी वेडगळ नाही. ‘एकोण’ म्हणजे एक उणा, म्हणून एकोणसाठमधला दशक सहाचा नसून पाचाचा, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मराठीतली संख्यानामं ही मुलांसाठी केवढी मोठी चढण आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं. एकटा ‘दोन’ किती रूपं घेतो पाहा. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. पन्नास कधी ‘वन्न’ होतो (एक्कावन्न, पंचावन्न), कधी ‘पन्न’ (त्रेपन्न, छप्पन्न). एकोणऐंशीपर्यंत ‘एकोण’चा नियम इमानानं चालतो आणि एकोणनव्वदच्या जागी पुष्कळदा ‘नव्व्याऐंशी’ येऊन बसतो. नव्व्याण्णवही तसाच. म्हणजे मुलानं नियम शोधला रे शोधला की भाषा तो मोडून दाखवते. शंभरपर्यंत मोजायला शिकलेलं मराठी मूल जवळजवळ शंभर वेगवेगळे शब्द पाठ करून आलेलं असतं. कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत पन्नास आधी आणि दोन नंतर असं बोलतात, त्यामुळे त्या मुलांचा कान आणि हात एकाच दिशेनं चालतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला ‘पन्नास दोन’ असं वाचनही आलं, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता ते आठवत असेल. मराठीवर घाला, भाषेची मोडतोड, असं पुष्कळ बोललं गेलं. गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. ही अडचण आणि तिच्यावरचा उपाय त्यांनी पुनःपुन्हा समजावून सांगितला. बदल योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. मला स्वतःला ‘बावन्न’ हा शब्द फार प्रिय आहे आणि तो जाऊ नये असं मनापासून वाटतं. पण त्या वादात दुसरीच्या मुलाच्या पाटीवर नेमकं काय उमटतं, हे पाहिलेली माणसं किती बोलत होती? जे ते पाहून होते ते बहुतेक प्राथमिक शाळेचे शिक्षक होते, आणि त्यांना फारसं कुणी विचारलं नाही.

आता हे ज्ञान कुणाचं आहे? गणितातली डॉक्टरेट मिळवलेला माणूस बावन्न आणि पंचवीसच्या या भानगडीबद्दल काही सांगू शकेलच असं नाही. भाषाशास्त्रज्ञाला ‘एकोण’ची व्युत्पत्ती ठाऊक असेल, पण सात वर्षांच्या मुलाच्या हातून त्यापायी काय लिहिलं जातं ते ठाऊक नसेल. मानसशास्त्रज्ञाला स्मरणशक्ती कळते, मराठी अंक नाहीत. तिघांच्या मधोमध एक जागा रिकामी राहते. विद्यापीठातल्या शिक्षणशास्त्र विभागाचं, बी.एड.चं, डी.एल.एड.चं घर त्या जागेवर आहे. विद्यापीठातले बाकीचे विभाग माणसाला काय काय कळलं आहे त्याचा अभ्यास करतात. माणसाला एखादी गोष्ट कळत नाही ती नेमकी कशी कळत नाही, याचा अभ्यास हा विभाग करतो. हे उमजलं तेव्हापासून ‘काही नाही जमलं तर बी.एड. कर’ हे वाक्य मला ऐकवत नाही.

या रिकाम्या जागेची दखल घ्यायला जगानं बराच वेळ लावला. ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं १९८६ मध्ये एका निबंधात ते काम केलं. त्यांनी कॅलिफोर्नियातली १८७५ सालची शिक्षकांची परीक्षा काढून पाहिली. एकूण गुण १०००. त्यातले अध्यापनाच्या शास्त्राला फक्त ५०. बाकी जवळजवळ सगळे विषयज्ञानाला. म्हणजे ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतंच, अशी सरळ समजूत. शंभर वर्षांनंतरच्या परीक्षा पाहाव्यात तर काटा पार दुसऱ्या टोकाला गेलेला. वर्ग कसा सांभाळावा, वेळ कसा वाटावा, शाबासकी कशी द्यावी, याचेच प्रश्न, आणि विषय जवळजवळ गायब. शुलमन यांचं म्हणणं असं की या दोन्हींच्या पोटात एक तिसरं ज्ञान आहे आणि खरा शिक्षक त्यावर जगतो. अपूर्णांक शिकवताना भाकरीचं उदाहरण कुठवर साथ देतं आणि कुठे दगा देतं, वीज शिकवताना पाण्याच्या नळाची उपमा मुलाला कुठल्या खड्ड्यात नेते, कुठल्या इयत्तेत कुठली चूक हटकून होते आणि ती चूक नेमकी कशातून जन्मते, हे सगळं त्या तिसऱ्या ज्ञानात मोडतं.

महाराष्ट्रात बी.एड. केलेल्यांना हे वाचताना एक ओळखीचा शब्द आठवेल, ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’. कित्येक जणांनी तो पेपर मार्गदर्शक चाळून, आदल्या रात्री पाठ करून दिला असेल. त्या रुक्ष नावाच्या आत हीच गोष्ट आहे. आशय एकीकडे आणि पद्धत एकीकडे ठेवू नका, पद्धत आशयाच्या पोटातूनच काढा, असं ते नाव सांगतं.

मग मुलांच्या चुकांकडे इतक्या आदरानं पाहायला सुरुवात कुणी केली? इथे जाँ पियाजेची गोष्ट सांगायलाच हवी. पहिलं महायुद्ध संपल्यानंतरची दोन-तीन वर्षं. पियाजे विशीतला तरुण, शिक्षण प्राणिशास्त्रातलं, शंखशिंपल्यांवर संशोधन केलेला. पॅरिसमध्ये त्याला काम मिळालं ते मुलांच्या बुद्धिचाचण्या तपासण्याचं. काम साधं होतं. किती उत्तरं बरोबर आली ती मोजायची. पियाजेला बरोबर उत्तरांत काही रस वाटेना. त्याचं लक्ष खिळलं चुकलेल्या उत्तरांवर. एका वयाची बरीच मुलं एकाच तऱ्हेनं चुकत होती! चूक जर निव्वळ अज्ञानातून आली असती तर ती वाटेल तशी पसरली असती. ती तर एका ठशाची निघत होती, म्हणजे तिच्यामागे विचार होता, फक्त तो मोठ्यांचा नव्हता. मग तो मुलांशी गप्पा मारायला बसला आणि पुढे जवळजवळ सहा दशकं तेच करत राहिला. बुटक्या पेल्यातलं पाणी मुलासमोर उंच, अरुंद पेल्यात ओतलं तर चार-पाच वर्षांचं मूल म्हणतं की पाणी वाढलं. घरी मूल असेल तर आज करून पाहा. ते इतक्या खात्रीनं सांगेल की क्षणभर तुम्हीच पेल्याकडे पुन्हा पाहाल.

गणितातल्या चुकांचीही अशीच एक सुंदर कथा आहे. ५२ मधून २७ वजा करायला सांगितलं की काही मुलं ३५ लिहितात. हातचा घ्यायच्या भानगडीत न पडता ती सरळ मोठ्यातून लहान काढतात, सातातून दोन पाच, पाचातून दोन तीन. आपण म्हणतो पोराचं लक्ष नाही. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी वजाबाकीतल्या अशा चुकांची नोंदवही तयार केली आणि ‘बग्गी’ नावाचा संगणकावरचा खेळ बनवला. संगणक चुकणाऱ्या विद्यार्थ्याचं सोंग घ्यायचा, त्याच्या चुकीत एक पक्का नियम दडलेला असायचा, आणि होऊ घातलेल्या शिक्षकानं त्याला उदाहरणं घालून घालून तो नियम पकडायचा. हे वाचलं तेव्हा वाटलं, पाटीवर २५, ३५, ९६ लिहिणारा आमचा पोरगा म्हणजे जिताजागता बग्गीच की.

शिकवणं सोपं आहे असं सगळ्यांना का वाटतं, याचंही उत्तर या शास्त्रात आहे, आणि ते डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञानं १९७५ च्या आपल्या पुस्तकात दिलं. शाळा संपेपर्यंत अमेरिकेतल्या मुलानं जवळजवळ १३,००० तास शिक्षकांना समोर पाहिलेलं असतं, असा त्यांचा हिशोब. इतकं निरीक्षण आपण डॉक्टरचं करत नाही, गवंड्याचं करत नाही. पण हे सगळं पाहणं एका बाजूनं असतं. नाटक प्रेक्षागृहातून हजारदा पाहिलं तरी विंगेत काय चालतं ते दिसत नाही. बाईंनी हेच उदाहरण का घेतलं, त्या मुलाला आत्ताच का उठवलं, मधेच त्या का थांबल्या, आदल्या रात्री त्यांनी काय खोडून काय लिहिलं, हे बाकावर बसणाऱ्याला कधीच कळत नाही. त्यामुळे अध्यापक विद्यालयात आलेल्या प्रत्येकाला आपल्या मनातला जुना वर्ग आधी उतरवून ठेवावा लागतो. वर्गात पहिल्यांदा उभं राहिलं की तोंडून आपल्याच चौथीच्या गुरुजींची वाक्यं निघतात, असं मला कितीतरी शिक्षकांनी सांगितलं आहे.

तो वर्ग उतरवायचा कसा? त्यासाठी एक भन्नाट युक्ती आहे, सूक्ष्म अध्यापन. १९६३ च्या सुमाराला स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधली. कल्पना अशी, की पोहायला शिकणाऱ्याला आपण एकदम नदीत ढकलत नाही, मग नवख्या शिक्षकाला साठ मुलांच्या वर्गात का ढकलावं? अध्यापनाचे तुकडे पाडा. एका वेळी एकच कौशल्य, मूठभर विद्यार्थी, थोडकी मिनिटं. सत्तरच्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आणि एनसीईआरटीत या पद्धतीचं भारतीय रूप घडलं. तिकडच्यासारखे व्हिडिओ कॅमेरे आपल्याकडे नव्हते, मग सहाध्यायीच विद्यार्थी झाले आणि तेच निरीक्षकही झाले. एक फेरा ३६ मिनिटांचा. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण म्हणजे पाठावरचा अभिप्राय, बारा मिनिटं पुन्हा नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. यातली ती बारा मिनिटं मला फार मोलाची वाटतात. आयुष्यात कुठल्या कामात अशी सोय असते, की आत्ता चुकलं, बारा मिनिटं विचार कर, आणि लगेच तेच पुन्हा करून दाखव?

कौशल्यांची नावं थोडी भारदस्त आहेत. सज्जता प्रवर्तन, चेतक बदल, प्रबलन, फलकलेखन. सज्जता प्रवर्तन म्हणजे मुलांची मनं धड्याच्या दारात आणून उभी करणं. चेतक बदल म्हणजे आवाज, हालचाल, जागा बदलत लक्ष धरून ठेवणं. प्रबलन म्हणजे शाबासकीनं मुलाच्या प्रयत्नाला बळ देणं. फलकलेखन म्हणजे सुवाच्य अक्षर एवढंच आपल्याला वाटतं, पण जपानी शिक्षक त्याला ‘बान्शो’ म्हणतात आणि त्याचं आधीपासून नियोजन करतात. तासाभरात फळा शक्यतो पुसायचा नाही, मुलांनी काढलेल्या वेगवेगळ्या रीती शेजारीशेजारी मांडायच्या, म्हणजे तास संपताना विचाराचा सगळा प्रवास डावीकडून उजवीकडे डोळ्यांसमोर उभा असतो.

या सगळ्यांत मला सर्वांत चकित केलं ते प्रश्न विचारण्याच्या कौशल्यानं, आणि त्यातही प्रश्नानंतरच्या गप्प राहण्यानं. मेरी बड रो या संशोधिकेनं सत्तरच्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं घड्याळ लावून ऐकली. शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो किती? सरासरी सुमारे एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की तो दुसऱ्याला विचारतो, किंवा स्वतःच सांगून मोकळा होतो. रो यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. फक्त तीन. मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली, आणि ज्यांना ‘कच्ची’ म्हणून बाजूला ठेवलं होतं ती बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ एवढं मनात म्हणायचं. वर्गासमोर उभं राहून म्हणून पाहा. तिसऱ्या सेकंदाला शांततेचं इतकं ओझं होतं की तोंड आपोआप उघडतं. हे ओझं पेलायला शिकवावं लागतं, आणि ते शिकवणारी जागा या जगात आहे.

अशा जागा फार जुन्या नाहीत. कसबी कारागीर आपलं काम पोराला पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आला, पण शिकवणाऱ्याला शिकवायची शाळा काढावी हे माणसाला उशिरा सुचलं. फ्रान्समधल्या रँस गावी जाँ-बातिस्त द ला साल या धर्मगुरूनं १६८५ मध्ये काढलेली संस्था युरोपातल्या अशा पहिल्यावहिल्या संस्थांत गणली जाते. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत १७९४ साली ‘एकोल नॉर्माल’ स्थापन करायचं ठरलं, आणि ‘नॉर्मल स्कूल’ हे नाव जगभर गेलं. आपल्याकडेही जुन्या पिढीची माणसं ‘नॉर्मल’ हा शब्द त्याच अर्थानं वापरायची. मला वाटायचं, साधी शाळा म्हणून नॉर्मल. पण मुळात लॅटिन ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, कोन काटकोनात आहे का ते तपासायचं हत्यार. बाकीच्या शाळांनी ज्याला लावून आपला कोन पाहावा ती नॉर्मल शाळा. फिनलंडमध्ये विद्यापीठांच्या सराव शाळा आजही त्याच नावानं ओळखल्या जातात, आणि तिथे १९७९ पासून पहिलीच्या वर्गावर उभं राहायलाही एम.ए.च्या तोडीची विद्यापीठ पदवी लागते.

सुताराच्या हत्याराचा संबंध आपल्याकडे आणखी एका ठिकाणी येतो. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकांबद्दल सविस्तर लिहिलं. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, आणि वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्यांना लाज वाटू नये, असा त्याचा आशय होता. प्रशिक्षण म्हणजे नुसती तंत्रं नव्हेत, ज्याला शिकवायचं त्याच्या घरात, शेतात, अडचणीत शिक्षकाला शिरता आलं पाहिजे, हे जोतीरावांनी तेव्हा सांगून ठेवलं. त्यांच्या घरातच त्याचा दाखला होता. सावित्रीबाईंनी तेव्हाच्या अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचं शिक्षण घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. शेण-दगड झेलत शाळेत गेलेल्या सावित्रीबाई आपल्याला पाठ आहेत. त्याआधी पाठाचा सराव करणाऱ्या, कुणाच्या तरी निरीक्षणाखाली फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या सावित्रीबाई मला अलीकडे जास्त दिसतात.

आणि शिकवण्याची एक देशी कल्पना तर इथून समुद्र ओलांडून गेली. मद्रासच्या एग्मोर भागात अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी १७९० च्या आसपास स्थानिक मुलांना जमिनीवर बसून वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिलं. आपली धुळाक्षरं! त्यांनी ती रीत उचलली आणि थोडं पुढे गेलेल्या मुलाकडून मागच्या मुलाला शिकवून घ्यायला सुरुवात केली. ही ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर पसरली. स्वस्त पडते म्हणून ती पसरली हे खरं, आणि तिचे तोटेही पुष्कळ झाले. पण तिच्यात एक मर्म आहे. काल शिकलेल्या मुलाला, आपल्याला परवा कळत नव्हतं ते कसं कळत नव्हतं, हे अजून आठवत असतं. चाळीस वर्षांच्या पदवीधराला ते आठवत नाही, म्हणून त्याला ते बी.एड.ला जाऊन पुन्हा कमवावं लागतं.

मुलाला न कळण्याची कारणं कधीकधी मुलाच्या डोक्यात नसतातच. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे धडे गिरवून आलेल्या, माँटेसोरीचं तंत्र पचवलेल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं. सोबत अनुताई वाघ. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत, असं दिसलं. का येत नाहीत? कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेलं, कुणी गुरं राखायला गेलेलं. ताराबाईंनी मुलांना शाळेत ओढण्याऐवजी शाळा उचलून पाड्याच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणावर भरली ती कुरणशाळा. माँटेसोरीच्या महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, गोटे, पानं आली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि १९७५ मध्ये केंद्र सरकारच्या बालविकास योजनेनं ‘अंगणवाडी’ हे नावच देशभर नेलं. डहाणू तालुक्यातल्या एका अंगणातला शब्द आज काश्मीरपासून केरळपर्यंत प्रत्येक आईच्या तोंडी आहे.

विद्यापीठानं या विषयाला दार उघडलं तेही अवघडत. जर्मनीत हाले विद्यापीठात १७७९ मध्ये एर्न्स्ट ट्राप शिक्षणशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. क्योनिग्सबर्गला कांट तत्त्वज्ञानाच्या जोडीला शिक्षणशास्त्रावरही व्याख्यानं देत, कारण तिथल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांवर ते काम पाळीपाळीनं येई. त्यांच्याच आसनावर १८०९ मध्ये हर्बार्ट आले आणि त्यांनी व्याख्यानाला प्रत्यक्ष सरावाची जोड दिली. बी.एड.ला पाठ केलेली ‘हर्बार्टची पंचपदी’, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, त्यांच्या शिष्यांनी त्यांच्या विचारांतून बांधली. आपल्याकडे कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात स्पष्ट सांगितलं की अध्यापक महाविद्यालयं विद्यापीठाच्या जीवनापासूनही तुटली आहेत आणि शाळांपासूनही. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. हा दुरावा अजून पुरता गेलेला नाही, आणि गल्लोगल्ली निघालेल्या डी.एड. महाविद्यालयांनी तो वाढवला, हे बोललंच पाहिजे. महाराष्ट्रातल्या अशा महाविद्यालयांच्या मान्यतेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, त्यातून न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला. त्याच्या २०१२ च्या अहवालानंतर बी.एड. एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला छात्रसेवाकाल २० आठवड्यांचा झाला.

कुणाला या वाटेनं जायचं असेल तर नकाशा थोडक्यात असा. बारावीनंतर डी.एल.एड. किंवा चार वर्षांची एकात्मिक पदवी, पदवीनंतर बी.एड., त्यापुढे एम.एड. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत महाराष्ट्र-गोव्याची मुलं बारावीनंतर बी.एस्सी. बी.एड. एकत्र करायला जातात. एम.ए. शिक्षणशास्त्र ही वेगळी वाट आहे. तिथे शिक्षणाचा इतिहास, समाजशास्त्र, अर्थकारण, धोरण यांचा अभ्यास होतो, पण ती पदवी एकटी वर्गावर उभं राहण्याचा परवाना देत नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात तर मुलांना विज्ञान आणि गणित कसं कळतं किंवा कळत नाही यावरच पीएच.डी. करता येते.

आणि २०२३ च्या ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला, त्यानं लाखो उमेदवारांची झोप उडवली. पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. ही पात्रता चालणार नाही. ज्यांनी पदवीवर पदवी मिळवली ते बाहेर आणि बारावीनंतर डी.एल.एड. केलेले आत. ज्यांची संधी हुकली त्यांचं दुःख खरं आहे. तरीही त्या निकालामागचा विचार मला थरारून टाकतो. वरची पदवी खालच्या वर्गाला पुरत नाही! सहा वर्षांच्या मुलाला पहिली बाराखडी आणि पहिले शंभर अंक शिकवणं ही वेगळी विद्या आहे, तिचं वेगळं प्रशिक्षण लागतं, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं.

दोन आठवड्यांनी मी त्याच शाळेत पुन्हा गेले. तीच छात्राध्यापिका, तोच वर्ग. आज तिच्यासमोर दशकाचे दांडे आणि सुटे ठोकळे मांडलेले होते, आणि ती मुलांना आधी दांडे उचलायला लावत होती, मग सुटे, मग बोलायला, मग लिहायला. बावन्न म्हणताना ‘वन्न’वर हात दांड्यांकडे आणि ‘बा’वर हात सुट्यांकडे. माझ्या ओळखीचा मुलगा पाटीवर काय लिहितो ते मला त्या कोपऱ्यातून दिसलं नाही, कारण तो पाटीवर पार ओणवा झाला होता.

मधल्या सुट्टीत तिनं टाचण दाखवलं. नेहमीसारखे रकाने आखलेले. शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन. विद्यार्थी कृतीच्या रकान्यात छात्राध्यापक सहसा एकच गोष्ट लिहितात, ‘विद्यार्थी अचूक उत्तर देतात’. तिनं तिथे पेन्सिलनं तीन आकडे लिहिले होते. २५, ३५, ९६. प्रत्येकाच्या पुढे बाण काढून, तो आकडा येण्यामागे मुलानं काय विचार केला असेल ते बारीक अक्षरात लिहिलं होतं, आणि जागा पुरली नाही म्हणून उरलेलं पानाच्या मागे.